बघणाऱ्यांच्या बळावर

१९८२ सालाच्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागातून एक बातमी आली आणि सारा देश सुन्न झाला. दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनी आपलं आयुष्य संपवलं होतं. सोबतच्या मुलांनी केलेला छळ हे त्यामागचं कारण असावं, असं समोर आलं. शाळेत पोरं एकमेकांना त्रास देतात हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मुलं आहेत, भांडतील आणि पुन्हा एक होतील, असं म्हणून मोठी माणसं आपापल्या कामाला लागत होती. त्या बातमीनंतर ते शक्य राहिलं नाही. १९८३ मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयानं देशभरातल्या शाळांसाठी छळविरोधी मोहीम सुरू केली, आणि या विषयावर आधीपासून काम करणाऱ्या एका माणसाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

डॅन ओल्वेउस हे मूळचे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ, बर्गन शहरात स्थायिक झालेले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते शाळकरी मुलांमधल्या दादागिरीचा अभ्यास करत होते. आज जगभर या विषयावर बोलताना जी व्याख्या वापरली जाते, ती मुख्यतः त्यांचीच. तिच्यात तीन गोष्टी आहेत. इजा करायचा हेतू असतो. प्रकार एकदाच घडून थांबत नाही, पुन्हा पुन्हा घडतो. आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि आपल्याकडे नेमकी तीच नजरेतून सुटते. मैदानावर आउट की नॉट आउट यावरून दोन बरोबरीची मुलं एकमेकांची कॉलर धरतात, ते भांडण. रोज मधल्या सुट्टीत एकाच मुलाचा डबा पळवला जातो, त्याच्या दप्तरात पाणी ओतलं जातं, आणि तो काही बोलू शकत नाही, कारण समोर चौघं आहेत आणि तो एकटा, तो छळ. पहिल्या प्रकारात शिक्षकानं दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवला तर चालतं. दुसऱ्या प्रकारात तसं केलं, तर आधीच दबलेल्या मुलाला त्याच्या छळकर्त्यासमोर उभं करून "आता हात मिळवा" म्हणण्यासारखं होतं. तो हात मिळवतो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याला त्या तक्रारीची किंमत मोजावी लागते.

बळ म्हणजे फक्त दंडातलं बळ नव्हे. संख्या हे बळ आहे. वर्गात लोकप्रिय असणं हे बळ आहे. फाडफाड इंग्रजी येणं, अंगावरचे कपडे, गोरा रंग, वडिलांचं पद, आडनाव, ही सगळी बळंच आहेत. आपल्या शाळांत आडनावावरून जात ओळखायची सवय मुलांना घरातूनच लागते, आणि "तुला काय, फी माफ आहे" हे वाक्य तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या तोंडीही ऐकू येतं. खेड्यातून तालुक्याच्या हायस्कुलात आलेल्या मुलीनं तोंड उघडलं की तिच्या बोलीची नक्कल सुरू होते. त्यामागे 'आम्ही वरचे, तू खालची' हे जुनंच मापन असतं.

ओल्वेउस यांनी बर्गनमधल्या ४२ शाळांतल्या सुमारे २५०० मुलांबरोबर अडीच वर्षं काम केलं. त्यांचे उपाय अगदी साधे होते. आधी मुलांकडून नाव न लिहिता प्रश्नावली भरून घ्यायची. मग मधल्या सुट्टीत जिथं छळ घडतो त्या जागांवर शिक्षकांनी प्रत्यक्ष उभं राहायचं. वर्गाचे नियम मुलांबरोबर बसून ठरवायचे आणि त्यावर ठरलेल्या वेळी वर्गात बोलायचं. आणि प्रकार घडला की छळणारा, सोसणारा आणि दोघांचे पालक यांच्याशी गंभीरपणे बोलायचं. या काळात छळाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. शाळेतली मोडतोड आणि दांड्या मारणंही कमी झालं. पुढे अनेक देशांत असे कार्यक्रम झाले, आणि त्या सगळ्यांचा हिशेब एकत्र मांडल्यावर सरासरी घट सुमारे एक पंचमांश भरते. बर्गनइतकं यश क्वचितच हाती लागलं. तरी एक पंचमांश घट म्हणजे हजार मुलांच्या शाळेत कितीतरी मुलांच्या सकाळी बदलतात. शाळेत जायच्या वेळी रोज पोट दुखणाऱ्या मुलाचे आईबाप असाल, तर याचं मोल वेगळं सांगायला नको.

वाळीत टाकणं

मारहाण दिसते, म्हणून तिच्याबद्दल बोललं जातं. किशोरवयात त्याहून खोल जखम करणारा प्रकार म्हणजे गटातून काढणं. कुणी हात लावत नाही, शिवी देत नाही. फक्त बाकावर एका मुलीच्या शेजारी कुणी बसत नाही. प्रकल्पासाठी गट पाडले की एकटीच उरते. ती आली की बोलणं थांबतं. वाढदिवसाला सगळा वर्ग जातो आणि दुसऱ्या दिवशी फोटो तिला दिसतील अशा बेतानं लावले जातात. विचारलं तर उत्तर तयार असतं, "आम्ही तर काहीच केलं नाही."

खरं तर यातली क्रूरता महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. जातपंचायतींनी कुटुंबं वाळीत टाकल्याच्या घटना आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या, आणि त्या रोखण्यासाठी २०१६ मध्ये राज्यानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. कुणाशी न बोलणं, कुणाला न बोलावणं हीसुद्धा हिंसा असू शकते, हे आपल्या विधिमंडळानं कागदावर मान्य केलेलं आहे. तेच आठवीच्या वर्गात घडतं तेव्हा मात्र आपण मुलीला सांगतो, "अगं, दुसऱ्या मैत्रिणी कर."

अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपवून संगणकावर चेंडू टाकण्याचा साधा खेळ खेळायला दिला. थोड्या वेळानं बाकीचे दोन खेळाडू आपसातच चेंडू टाकू लागले. वगळल्या गेलेल्या माणसाच्या मेंदूत तेव्हा जो भाग अधिक जागा झाला, तो शारीरिक वेदनेशीही जोडलेला आहे. प्रयोग लहान होता आणि त्याच्या अर्थाबद्दल पुढे वाद झाले. पण याच खेळाच्या असंख्य चाचण्यांतून एक गोष्ट पक्की झाली आहे, ती म्हणजे अनोळखी लोकांनी काही मिनिटं वगळलं तरी माणसाचं मन खचतं. मग ज्या चाळीस जणांत वर्षभर बसायचं आहे, त्यांनी वगळलं तर?

या जखमा वयाबरोबर आपोआप भरतात हा समजही टिकत नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा करण्यात आला. त्यातली ७७०० हून अधिक मुलं सात आणि अकरा वर्षांची असताना त्यांना छळ सोसावा लागतो का, हे पालकांना विचारलं होतं. ज्यांनी वारंवार छळ सोसला होता, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य आणि चिंता अधिक आढळली, माणसांचा गोतावळा लहान आढळला.

किशोरवय यासाठी विशेष नाजूक, कारण याच सुमारास मुलांची जगं मोडून नव्यानं मांडली जातात. आपल्याकडे पाचवीत किंवा आठवीत शाळा बदलते. पाच-सहा गावांची, दोन-तीन शाळांची मुलं एका वर्गात येतात. कोण हुशार, कोण ताकदवान, कुणाच्या शब्दाला वजन, हे सगळं पहिल्या काही आठवड्यांत नव्यानं ठरतं. एखाद्या दुबळ्या मुलाला सर्वांसमोर खाली पाडणं हा त्या शर्यतीतला जवळचा रस्ता असतो. शाळा बदलल्यावर दादागिरी वाढते आणि श्रेष्ठत्वाचा क्रम लागला की ती काहीशी ओसरते, असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे जून-जुलै हे महिने वर्गशिक्षकानं डोळ्यांत तेल घालून पाहण्याचे. निवासी शाळा, आश्रमशाळा आणि वसतिगृहांत तर ही काळजी बाराही महिने घ्यावी लागते, कारण तिथल्या मुलाला संध्याकाळी घरी जाऊन सुटका नाही.

हसणारे, बघणारे, मान फिरवणारे

दादागिरी करणारा मुलगा आतून घाबरलेला आणि न्यूनगंडानं पछाडलेला असतो, असं आपण सहज म्हणतो. काही मुलांबाबत ते खरं असेल. पण ओल्वेउस यांना बहुतेक छळणाऱ्या मुलांत तसा न्यूनगंड आढळला नाही. १९९९ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी मुलांना गोष्टी सांगून, त्यातल्या पात्रांच्या मनात काय चाललं असेल हे विचारलं. टोळीची म्होरकी मुलं यात चांगलीच तरबेज निघाली. कुणाला काय बोललं की नेमकं लागेल, हे त्यांना उत्तम कळतं. तेव्हा अशा मुलाला 'समोरच्याला काय वाटत असेल याचा विचार कर' एवढाच उपदेश पुरत नाही. तो विचार त्यानं केलेलाच असतो.

मग त्याला यातून मिळतं काय? मिळतो तो मान, आणि मान देणारे इतर असतात. या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथं आहे. आपण छळाकडे दोन मुलांमधली बाब म्हणून पाहतो, एक गुन्हेगार आणि एक बळी. प्रत्यक्षात तो वर्गाच्या साक्षीनं आणि वर्गाच्या जिवावर चालतो.

टोरोंटोमध्ये संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावले आणि मुलांच्या अंगावर बिनतारी माइक दिले. दर शंभरातल्या ८८ प्रसंगांत इतर मुलं हजर होती. त्यातल्या कुणी मध्ये पडल्याचे प्रसंग अवघे १९. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! एखाद्या मुलानं "ए, सोड ना त्याला" म्हणायला लागतो तेवढाच वेळ.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये सहावीच्या मुलांना विचारलं, तुमच्या वर्गात असं घडतं तेव्हा कोण काय करतं? उत्तरांतून भूमिकांचा नकाशाच तयार झाला. पुढाकार घेऊन छळणारी मुलं सुमारे ८ टक्के होती. हात धरून ठेवणारे, दप्तर लपवायला मदत करणारे साथीदार ७ टक्के. स्वतः काही न करता हसणारे, टाळ्या देणारे, "अजून एक" म्हणणारे २० टक्के. मान फिरवून निघून जाणारे २४ टक्के. सोसणाऱ्याची बाजू घेणारे १७ टक्के, आणि स्वतः सोसणारे १२ टक्के. काही मुलं कुठल्याच भूमिकेत बसली नाहीत.

हे आकडे आपल्या वर्गाला लावून पाहावेत. पन्नासच्या वर्गात म्होरके चार. हसणारे दहा. निघून जाणारे बारा. या बारा जणांना विचारलं तर ते मनापासून सांगतील की त्यांना हे आवडत नाही. त्यांना भीती असते की आपण बोललो तर उद्या आपली पाळी. शिवाय इतर कुणी बोलत नाही याचा अर्थ इतरांना यात गैर वाटत नाही, असाही त्यांचा समज होतो. बाराही जण एकमेकांबद्दल तोच समज करून घेतात. आणि सोसणाऱ्या मुलाच्या बाजूनं पाहिलं, तर गप्प राहिलेला वर्ग आणि हसणारा वर्ग यांत त्याला फारसा फरक दिसत नाही. त्याला वाटतं, सगळेच माझ्याविरुद्ध आहेत.

जपानमध्ये योहजी मोरिता यांनीही १९८०च्या दशकात असंच चित्र मांडलं होतं. सोसणारा मध्यभागी, त्याच्याभोवती छळणारे, त्यांच्याभोवती मजा घेणारे, आणि सर्वांत बाहेर मुकाट बघणारे. वर्गातल्या छळाचं प्रमाण बाहेरच्या कड्यातल्या मुलांच्या संख्येशी जास्त जुळतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. जपानी वर्गाची रचना, तिथली शिस्त, सगळं फिनलंडहून निराळं. तरी दोघांचं बोट एकाच ठिकाणी पडलं.

या नकाशात मी आणखी एक माणूस जोडेन, शिक्षक. बाईंनी हजेरी घेताना एखाद्या मुलीला तिच्या जाडीवरून नाव ठेवलं आणि वर्ग हसला, की त्या नावाला परवाना मिळतो. पुढे वर्षभर ते नाव तिच्या मागे फिरतं आणि मुलं म्हणतात, "बाईपण म्हणतात की." शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळालाही मज्जाव केला आहे. छडी वर्गातून बऱ्यापैकी हद्दपार झाली, टोमणा अजून तिथंच आहे.

फोनमधला वर्ग

मोबाइल आला आणि दादागिरीही मोबाइलवर गेली, असं म्हटलं जातं. प्रत्यक्षात ती शाळेतून गेली नाही, शाळेत राहून फोनवरही पसरली. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या पंधरा वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नियमित छळ सोसणारी मुलं जवळजवळ ३० टक्के होती. पण ज्यांचा छळ फक्त ऑनलाइन होतो, अशी एक टक्काही नव्हती. ज्यांना फोनवर त्रास होतो, त्यांतल्या बहुतेकांना शाळेतही होतो, आणि त्रास देणारी मुलंही सहसा ओळखीचीच असतात. 'हे इंटरनेटवर घडलंय, शाळेचा संबंध नाही' असं म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

तरी फोननं काही गोष्टी बदलल्या आहेत. पूर्वी शाळा सुटली की दुसऱ्या दिवसापर्यंत सुटका होती. आता रात्री अकरालाही खिशात थरथर होते. पूर्वी मधल्या सुट्टीतली फजिती पंधरा जण पाहत, दोन दिवसांत विसरत. आता तिचा व्हिडिओ राहतो. वर्गात झोप लागलेल्या मुलाचा तोंड उघडं असलेला फोटो काढून त्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर केलं जातं, आणि दहावीपर्यंत प्रत्येक गप्पांत ते त्याच्या अंगावर फेकलं जातं. एका मुलीला सोडून बाकी सगळ्यांचा नवा ग्रुप होतो. तिच्या नावानं इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडून मुलांना संदेश पाठवले जातात. एकदा पाठवलेली गोष्ट पुढे पन्नास जणांनी पाठवली तर 'पुन्हा पुन्हा' घडवणारा एक माणूस उरत नाही. पन्नास जणांनी एकेकदाच केलेलं असतं, आणि प्रत्येकाला वाटतं, मी तर फक्त फॉरवर्ड केलं. बघ्यांचं कडं इथं हाताबाहेर मोठं होतं. त्यातच समोरच्याचा पडलेला चेहरा दिसत नाही. मैदानावर एखाद्या हसणाऱ्या मुलाला तो चेहरा पाहून तरी थांबावंसं वाटतं, पडद्यावर तो अडसरही नाही.

सर्वांत गंभीर प्रकार फोटोंचा. प्रेमात, विश्वासानं पाठवलेला फोटो पुढे धमकीसाठी वापरला जातो. आता तर फोटो पाठवायचीही गरज उरली नाही. गणेशोत्सवातल्या साध्या फोटोवरून अ‍ॅपच्या साहाय्यानं अश्लील चित्र बनवता येतं. इथं मुलांना आणि पालकांनाही एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. अठरा वर्षांखालच्या कुणाचंही अश्लील चित्र बनवणं, पाठवणं, जवळ साठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा आणि पॉक्सो या दोन्हींखाली गुन्हा आहे, आणि पुढे पाठवणारा स्वतः चौदा वर्षांचा असला तरी प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाऊ शकतं.

असं काही घडलं तर पहिली प्रतिक्रिया सगळं पुसून टाकायची होते. ते करू नये. धमकीचे संदेश, खात्याचं नाव, पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवावेत. मात्र प्रकरण अश्लील चित्राचं असेल तर ते चित्र 'पुरावा' म्हणून कुणालाही पाठवू नये. मग ते खातं अडवावं आणि संबंधित कंपनीकडे तक्रार करावी. खासगी नग्न चित्र किंवा बनावट चित्र याबद्दल पीडित व्यक्तीनं तक्रार केली तर ते काढण्यासाठी २०२१च्या नियमांनी कंपन्यांना २४ तासांची मुदत घातली होती, ती २०२६ मध्ये आणखी कमी झाली. 'टेक इट डाउन' ही अमेरिकेतल्या संस्थेची मोफत सेवा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठीच आहे. तिच्यात चित्र कुठं पाठवावं लागत नाही. आपल्याच फोनवर चित्राची अंकांची ओळखखूण तयार होते आणि फक्त ती खूण सहभागी कंपन्यांना जाते, म्हणजे ते चित्र तिथं कुणी टाकलं तर ओळखता येतं. १९३० हा सायबर गुन्ह्यांचा आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. मन फार खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ वर टेलिमानसचे समुपदेशक मराठीतही बोलतात.

हे सगळं उपयोगी पडेल, मूल घरी बोललं तर. आणि इथंच बहुतेक घरांत गाडं अडतं. मुलगी धीर करून सांगते आणि बाबा पहिल्याच वाक्यात म्हणतात, "आण तो फोन इकडे." तिच्या लेखी शिक्षा तिलाच झाली. पुढच्या वेळी ती सांगणार नाही. फोन काढून घेतला जाईल ही भीती किशोरांच्या गप्प राहण्यामागचं एक मोठं कारण आहे. म्हणून काही घडण्याआधीच, साध्या दिवशी, घरात वचन द्यावं की काहीही झालं, चूक तुझी असली तरी, सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही. आणि ते पाळावं.

दुसरी दोन वाक्यंही टाळावीत. "तूपण दोन ठेवून दे" हे पहिलं. बळ सारखं असतं तर त्यानं ते आधीच केलं असतं. "दुर्लक्ष कर" हे दुसरं. त्याचा मुलाला ऐकू येणारा अर्थ 'मलाही यात पडायचं नाही' असा असतो. त्याऐवजी शांतपणे ऐकावं. कधी, कुठं, कोण, कोण बघत होतं, हे तारखेसह लिहून काढावं, आणि शाळेत जाण्यापूर्वी मुलाला विचारावं की आम्ही काय केलेलं तुला चालेल. त्याच्या हातातून आधीच बरंच काही सुटलेलं असतं, निदान हा निर्णय तरी त्याच्याशिवाय होऊ नये.

वर्ग कसा बदलतो

साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बघ्यांच्या नकाशावरून 'किवा' नावाचा कार्यक्रम बांधला. २००९ पासून तो फिनलंडभर पसरला. त्यात वर्गात तास घेतले जातात, संगणकावरचा खेळ असतो, मैदानावर देखरेख करणारे शिक्षक सहज दिसतील अशी जाकिटं घालतात. पण मला त्यातली एक बारीक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. छळ उघडकीला आला की वर्गशिक्षक दोन-चार अशा मुलांना बाजूला बोलावतात, ज्यांचा वर्गात मान आहे आणि स्वभाव चांगला आहे. त्यांना विचारतात, त्याला वर्गात बरं वाटावं म्हणून तुम्ही काय कराल? डब्याला सोबत बसणं, घरी जाताना बरोबर चालणं, एवढंसुद्धा पुरतं. यासाठी पैसा लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतला एकटा शिक्षकही उद्या हे करू शकतो.

एक अडचण मात्र मान्य करायला हवी. प्राथमिक शाळेत चांगले चालणारे हे कार्यक्रम आठवीपासून पुढे मंदावतात. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर २०१५ मध्ये हे स्पष्ट झालं. कारण समजण्यासारखं आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना व्यासपीठावरून 'एकमेकांशी प्रेमानं वागा' सांगितलं, तर ती तो उपदेश आपल्या स्वातंत्र्यावरचं आक्रमण समजतात. त्यांना मोठ्यांचं नको असतं, बरोबरीच्यांचं हवं असतं.

न्यू जर्सीमधल्या ५६ शाळांत २०१२-१३ या वर्षी झालेला प्रयोग इथून पुढे नेतो. संशोधकांनी प्रत्येक विद्यार्थ्याला विचारलं, तू कुणाबरोबर वेळ घालवतोस? त्यातून कोणती मुलं सर्वांत जास्त जणांशी जोडलेली आहेत ते कळलं. निम्म्या शाळांत मुलांचा एक छोटा गट निवडून त्याला ठरवू दिलं की आपल्या शाळेत कशामुळे भांडणं होतात आणि आपण काय करायचं. घोषणा त्यांच्या, भित्तिपत्रकं त्यांची, चांगलं वागलेल्या मुलाला मनगटावर बांधायला पट्टीही तेच देणार. मोठ्यांनी फक्त जागा आणि वेळ दिला. त्या शाळांत शिस्तभंगाच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या, आणि ज्या गटांत भरपूर जोडलेली मुलं अधिक होती, तिथं परिणाम जास्त दिसला. आपण अशा समित्यांवर मुलं नेमतो तेव्हा मॉनिटर आणि पहिल्या नंबरची मुलं उचलतो. वर्गाचं लक्ष ज्यांच्याकडे असतं, ती बहुतेकदा मागच्या बाकावर, कबड्डीच्या संघात किंवा स्नेहसंमेलनाच्या नाचात सापडतात. त्यांत थोडी वांडही असतील. तीच हवीत.

शाळेवर जबाबदारी टाकणारा कायदाही आपल्याकडे आहे, फक्त त्याला आपण कॉलेजचा समजतो. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्याच्या व्याख्येत शिक्षण देणारी कोणतीही संस्था येते, वसतिगृहं आणि शिकवणी वर्गसुद्धा. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखानं चौकशी करायची आहे, आणि तो हात झटकून बसला तर त्यालाही गुन्ह्याला साथ दिल्याचा दोष लागू शकतो. तेरा वर्षांच्या मुलाला तुरुंगाची भीती घालण्यासाठी हा कायदा वापरावा असं मला वाटत नाही. पण 'मुलांचं आहे, मिटेल' म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांसमोर तो ठेवायला अजिबात संकोच करू नये. सोबत तारखांची वही असेल तर उत्तमच.

कार्यक्रम यशस्वी झाल्यावरही एक काम उरतं, आणि तेही फिनलंडच्याच संशोधकांनी दाखवलं. ज्या वर्गांत छळ खूप कमी झाला, तिथं जी एक-दोन मुलं अजून सोसत होती, त्यांची मानसिक अवस्था इतर वर्गांतल्या सोसणाऱ्या मुलांपेक्षा वाईट निघाली. आजूबाजूला आणखी काही जण सोसत असले की मूल समजतं, ही मुलंच वाईट आहेत. सगळं ठीकठाक असताना एकट्यालाच त्रास होत असेल तर ते समजतं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. म्हणून सर्वेक्षणाचा आकडा खाली आला की शाळेनं पुढच्याच आठवड्यात वर्गशिक्षकांची बैठक घ्यावी आणि त्या उरलेल्या मुलांची नावं एकेक करून शोधावीत. मधल्या सुट्टीत कोण एकटं बसतं, सहलीच्या बसमध्ये कुणाशेजारची जागा रिकामी राहते, गट पाडताना शेवटी कोण उरतं, हे त्या बैठकीत विचारावं, आणि प्रत्येक नावापुढे त्या मुलाशी उद्या कोण बोलणार हेही लिहावं.